हवेची वाट आधी जुळव

पोरा, तीन ठिकाणचे तुकडे गोळा करून तू जीपचं इंजिन बांधायला घेतलंस, ते बरं केलंस. ब्लॉक काटोलकडच्या संत्रा बागायतदाराच्या पडीक गाडीचा, हेड मिलिटरी डिस्पोजलमधून आलेल्या दुसऱ्याच इंजिनाचं, कार्बोरेटर भंगारातून निवडलेला. सगळं एकमेकांवर बसलं, नट शेवटच्या आट्यापर्यंत गेले, इंजिन सुरूही झालं. पण ते स्लो धरत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की कार्बोरेटरमधून फटकन शिंकतं, आणि अर्धा चोक ओढला की तेवढ्यापुरतं नीट चालतं. तेव्हापासून तू जेट बदलतोयस, पॉइंट घासतोयस, टायमिंग पुढंमागं करतोयस. ते सगळं आता थांबव. चोक ओढल्यावर जे इंजिन सुधारतं, त्याच्या पोटात कुठून तरी फुकटची हवा शिरते आहे. चोक ओढला की पेट्रोल वाढतं आणि त्या जादा हवेची भरपाई होते, एवढंच. हवेचा चोर सापडल्याशिवाय जेटला हात लावू नये, हा मला माझ्या वस्तादांकडून मिळालेला पहिला कानमंत्र, आणि आज तोच तुझ्या कानात घालतो.

आधी तुझ्या पुढ्यात कोणतं इंजिन आहे ते ओळख. विलीजची दोन पेट्रोल इंजिनं आपल्याकडच्या जीपांमध्ये फिरतात, आणि बाजारात दोघांचे भाग एकाच ढिगात पडलेले असतात. दुसऱ्या महायुद्धातली जीप ज्या इंजिनावर पळाली, ते एल-हेड. त्याचे इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, दोन्ही मॅनिफोल्ड ब्लॉकच्या बाजूला लागतात, आणि वरचं हेड म्हणजे प्लग बसवलेलं जाड झाकण. दुसरं एफ-हेड. १९५३ साली विलीजनं सीजे-थ्रीबी जीप आणली, तिच्यात हे इंजिन होतं. यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिले, पण इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि त्यांच्यासाठी पुशरॉड आणि रॉकर आले. इंजिन उंच झालं, म्हणून जीपचं बॉनेटही उंच करावं लागलं. महिंद्रनं पुढं अनेक वर्षं हीच उंच बॉनेटची जीप आपल्या देशात बनवली. विदर्भात जंगलखात्याकडे, ठेकेदारांकडे, बागायतदारांकडे जी जुनी पेट्रोल जीप दिसते, ती बहुतेक याच घरची.

दोन्ही इंजिनांचं माप एकच आहे. बोअर सव्वातीन इंचाला जरा कमी, म्हणजे तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच, आणि स्ट्रोक चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच. दोघांची क्षमता २१९९ सीसी. क्रँक आणि खालचा बराचसा भाग सारखा, म्हणून विकणारा बिनदिक्कत सांगतो की सगळं एकच आहे, घेऊन जा. वरचा भाग मात्र एकमेकांचा मुळीच नाही. एल-हेडचं साठ अश्वशक्तीचं इंजिन एफ-हेडमध्ये सत्तरीच्या वर गेलं, ते वरच्या भागामुळेच. इनलेटची वाट सरळ झाली आणि व्हॉल्व्ह मोठे झाले. तेव्हा हेड घेताना बोल्टची भोकं जुळतात का एवढंच पाहू नको. व्हॉल्व्ह कुठं आहेत ते पाहा, कार्बोरेटर कशावर बसणार आहे ते पाहा.

एफ-हेडमध्ये इनलेट मॅनिफोल्ड वेगळं नसतंच. ते हेडच्याच ओतीव कामात असतं आणि कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. म्हणजे मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधला सांधा या इंजिनात नाही. हवा चोरून शिरायला मग जागा उरतात त्या थोड्या: कार्बोरेटरची बैठक, हेडची बैठक, आणि हेडमधल्या इनलेटच्या पोटात उघडणारी बारीकसारीक भोकं. ही बारीक भोकं लोक विसरतात. जुन्या जीपचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचे. त्यासाठी एक नळी जोडलेली असायची. वायपर केव्हाच विजेवरचे झाले, नळी गेली, आणि तिच्या जागी कुणी चिंधी किंवा लाकडाची खुंटी ठोकून ठेवली. दुसरं भोक क्रँककेसमधली वाफ परत इनलेटमध्ये ओढणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हचं. तो व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला, किंवा त्याच्या जागी नुसता पाइप आला, तर इंजिन दिवसभर तिथून हवा ओढतं. या दोन्ही जागी आट्याचा पितळी प्लग लाव, किंवा व्हॉल्व्ह धुऊन, हलवून, टिकटिक वाजतो का ते ऐकून परत बसव. तुकड्यांतून बांधलेलं इंजिन आपल्या टिनाच्या शेडमध्ये आलं की मी सर्वांत आधी इथंच बोट लावतो.

आता त्या लपलेल्या बोल्टचं. एफ-हेडचा एक हेड बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनलेटच्या भोकाच्या आत असतो. कार्बोरेटर काढल्याशिवाय तो दिसत नाही. दुसऱ्या इंजिनांवर हात बसलेला चांगला मेकॅनिकही तो सोडून देतो, आणि हेड काढताना हेड का सुटत नाही म्हणून पहार घालतो. तसं कधी करू नको, हेड तडकतं. आणि बसवताना तो बोल्ट राहिला की हेड मधोमध उचललेलं राहतं. पॅकिंग तिथंच फुंकून जातं आणि दोष मात्र बिचाऱ्या पॅकिंगवर येतो. तो बोल्ट आवळताना सॉकेटला सुतळी बांधून ठेव. पाना किंवा वॉशर हातातून सुटून आत गेला तर पुन्हा हेड उतरवावं लागेल. कार्बोरेटर काढलेला असेल तेवढा वेळ त्या भोकावर स्वच्छ कापड घट्ट बांध. चिंधी भोकात कोंबायची वेळ आलीच तर कोंबलेल्या चिंध्या मोजून ठेव.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, आळीपाळीनं, तीन टप्प्यांत आवळ. शेवटचा टप्पा ६० ते ७० फूट-पौंडांवर, टॉर्क पान्यानं. हाताच्या अंदाजावर भरवसा ठेवू नको, माझाही हात सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा असतो. बोल्टचे आटे आणि ब्लॉकमधले आटे आधी तारेच्या ब्रशनं साफ कर, थेंबभर तेल लाव. घाणेरड्या आट्यात पाना ७० दाखवतो, पण तो जोर घर्षणात जातो आणि हेड ढिलंच राहतं. भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी साचलेलं नको, बोल्ट त्यावर टेकून थांबतो.

हेड दुसऱ्या इंजिनाचं आहे, तेव्हा पॅकिंग लावण्याआधी एक काम कर. नवं पॅकिंग ब्लॉकवर कोरडं ठेव आणि प्रत्येक भोक पाहा. मग तेच उचलून हेडवर ठेव आणि पुन्हा पाहा. पाण्याची भोकं दोन्हीकडे उघडी हवीत, पॅकिंगचं लोखंड सिलिंडरच्या गोलात कुठंही डोकावता कामा नये. काही भोकं पॅकिंगमध्ये मुद्दाम लहान असतात, म्हणजे पाणी पुढच्याच सिलिंडरवरून परत न जाता मागच्या सिलिंडरपर्यंत पोचतं. ती लहान दिसतात म्हणून कात्रीनं मोठी करू नको. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. तेव्हा मागचं सिलिंडर उपाशी राहिलं की गाडी खापरीच्या पुढं जात नाही.

सरळपट्टी आणि फिलर गेज हे तुझे दोन साक्षीदार. हेड उलटं ठेव, पट्टी लांबीला, रुंदीला, आणि दोन्ही तिरप्या रेषांवर ठेव. चार थाऊची पात, म्हणजे इंचाचे चार हजारांश, कुठं खाली सरकली तर हेड फेसिंगला द्यावं लागेल. ब्लॉकचीही तीच परीक्षा घे. हेड घासून आणतात आणि वाकलेल्या ब्लॉकवर बसवतात, असं नेहमी होतं. फेसिंगवाल्याला सांग की जेवढं लागेल तेवढंच काढ. एफ-हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमधून वर उघडतो, त्याच्या डोक्यावर हेडमधली खोबण असते. हे हेड आधीच दोनदा घासलेलं असेल आणि तू तिसऱ्यांदा घासलंस, तर व्हॉल्व्ह खोबणीच्या छताला टेकेल. म्हणून पोरांच्या खेळण्यातली क्ले घे, पातळ तेल लावून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्यावर ठेव, जुनं पॅकिंग घालून हेड बसव, बोल्ट हलके आवळ आणि क्रँक हातानं दोन फेरे फिरव. हेड काढून क्ले सुरीनं काप आणि जाडी पाहा. क्ले कागदासारखी पातळ झाली असेल तर ते हेड त्या ब्लॉकवर चढवू नको. याला अर्धा तास लागतो, आणि गिऱ्हाईक घाई करत असलं तरी तो अर्धा तास घे.

हेड घासलं की टॅपेटही बदलतात, कारण पुशरॉड तेवढीच लांब आणि हेड खाली आलेलं. थंड इंजिनावर इनलेट १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ ठेव. फायरिंग एक-तीन-चार-दोन.

आता कार्बोरेटरची बैठक. मूळ कार्बोरेटर कार्टरचा होता. तुझ्याकडचा दुसऱ्या गाडीचा आहे, म्हणून तू मध्ये लोखंडी पट्टी बनवून घेतलीस. पट्टीला माझी हरकत नाही, नीट केलेली पट्टी वर्षानुवर्षं चालते. पण तुझ्या पट्टीचं भोक लेथवाल्यानं वरच्या मापानं केलंय, खालचं भोक त्याहून लहान. त्यामुळं हवा आणि पेट्रोलचे थेंब वरून येतात आणि खालच्या कडेवर आपटतात. थेंब तिथंच गळून पडतात, सिलिंडरपर्यंत पोचतात ते कमीजास्त. एका प्लगचं टोक पांढरं आणि दुसऱ्याचं काळं दिसतंय, त्यात या कडेचा वाटा आहे. पट्टी जाड घे, निदान अर्धा इंच, आणि भोक वरच्या मापापासून खालच्या मापापर्यंत निमुळतं उतरू दे. थ्रॉटलची चकती पूर्ण उघडल्यावर पट्टीला कुठं घासत नाही ना, ते हातानं फिरवून पाहा. कार्बोरेटर सपाट बसतोय का, फ्लोटची वाटी एका बाजूला कलत नाही ना, तेही पाहा. फ्लोट कलला की पेट्रोलची पातळी चुकते, मग तू जेट कितीही बदल.

हवेच्या वाटेवरच्या पायरीचा नियम एकदा पक्का लक्षात ठेव, तो प्रत्येक इंजिनाला लागतो. इनलेटकडे हवा आत जाते, म्हणून पुढचं भोक मागच्याएवढं किंवा किंचित मोठं असावं. मॅनिफोल्डपेक्षा हेडचं तोंड थोडं मोठं असलं तर चालतं, उलट कधी नको. एक्झॉस्टकडे धूर बाहेर जातो, म्हणून तिथं हेडच्या तोंडापेक्षा मॅनिफोल्डचं तोंड मोठं हवं. म्हणजे वाहणाऱ्याच्या वाटेत पुढून कड येऊ नये. तू जोडतोयस ते दोन्ही भाग आपापल्या इंजिनात बरोबर असतील, पण एकमेकांसमोर आले की कड उभी राहते. ती शोधायची तुलाच.

जिथं मॅनिफोल्ड वेगळं असतं तिथं शोधायची रीत अशी. स्टडवर पॅकिंग घाल, पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना निळा मार्किंग रंग बोटानं अगदी पातळ लाव, मॅनिफोल्ड दाबून बसव, नट हातानं आवळ, मग काढ. कागदावर दोन्ही बाजूंना तोंडांचे ठसे उमटतील. कागद उजेडासमोर धर, एका ठशाची कड दुसऱ्याच्या आत किती आलीय ते दिसेल. आमच्या वेळी निळा नसला की शेंदूर तेलात कालवून लावायचे. शेंदुरात शिसं असतं, ते हाताला लागून पोटात जातं, तेव्हा तू निळाच वापर. जिथं कड आत येते तिथं आखणी कर आणि मॅनिफोल्ड किंवा हेड गाडीवरून उतरवून, टेबलावर, शिकंज्यात धरून घास. गाडीवर असताना कानस कधी लावू नको, एक कण व्हॉल्व्हखाली गेला तर बैठक खातो. घासताना अर्धा इंच आतपर्यंत हळूहळू उतरत जा. भिंत पातळ करू नको, ओतीव लोखंडात आत पोकळी निघाली तर तो भाग गेला. आणि आरशासारखं चमकवायच्या मागं लागू नको. इनलेटला जरा खरखरीत अंगच बरं, पेट्रोल भिंतीला चिकटून वाहत नाही.

मॅनिफोल्डची भोकं स्टडशी जुळत नसली तर लोक भोक लंबगोल करून मोकळे होतात. तसं करायची वेळ आलीच तर जाड वॉशर घाल, आणि जुळवणी झाल्यावर मॅनिफोल्ड आणि हेड मिळून दोन बारीक पिन ठोक. पिन नसल्या तर पुढच्या वेळी कुणी मॅनिफोल्ड काढून परत बसवेल, तेव्हा ते भोकाएवढं सरकून बसेल आणि तुझी सगळी घासाघीस वाया जाईल.

एल-हेड हाती आलं तर इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकमेकांनाही बोल्टनं जोडलेले असतात, हे विसरू नको. एक्झॉस्टची ऊब इनलेटला मिळावी म्हणून तशी रचना आहे. दोन वेगळ्या गाड्यांचे मॅनिफोल्ड जोडलेस तर त्यांचे चेहरे एका पातळीत येत नाहीत. दोन्ही जोडून, एकत्रच फेसिंगला पाठव. बसवताना मधले बोल्ट ढिले ठेव, आधी दोन्ही मॅनिफोल्ड ब्लॉकला आवळ, मग मधले आवळ. उलट क्रमानं केलंस तर एखादा कोपरा ब्लॉकपासून उचललेला राहतो, आणि नट जोरानं आवळला की कान तुटतो.

ॲम्बेसेडरमध्ये हाच आजार दुसऱ्या रूपात येतो. तिच्या १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनाच्या हेडला एकाच बाजूला पाच तोंडं, दोन इनलेटची आणि तीन एक्झॉस्टची. दोन सिलिंडर मिळून एका इनलेटमधून श्वास घेतात. इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे कान शेजारीशेजारी, आणि एकाच स्टडवरचा जाड वॉशर दोघांना दाबतो. दोन्ही कानांची जाडी सारखी नसेल तर वॉशर जाड कानावर टेकतो, पातळ कान मोकळाच राहतो. दोन गाड्यांचे मॅनिफोल्ड मिसळले की हे हमखास होतं. व्हर्नियरनं दोन्ही कान माप, आणि जाड कान घासून पातळाच्या बरोबरीला आण, किंवा वॉशरला पायरी करून घे. पॅकिंग दुप्पट लावून हे सुटत नाही.

बुलेटवाली पोरं येतील तुझ्याकडे. ३५० आणि ५०० या दोन्ही जुन्या बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटरच आहे, बोअर मात्र ७० आणि ८४. कार्बोरेटर ३५० ला २४ मिलिमीटरचा, ५०० ला २८ चा. ३५० च्या हेडवर २८ चा कार्बोरेटर लावून ताकद वाढेल असं त्यांना वाटतं. हेडचं तोंड लहानच राहतं, मध्ये कड उभी राहते, आणि खालचा पिकअप मरतो. त्यांना समजावून सांग, आणि नाही ऐकलं तर ते काम घेऊ नको.

पॅकिंगबद्दल थोडं. बाजारात तयार मिळालं तरी तोंडाशी धरून पाहा, बहुतेक वेळा भोक लहान असतं आणि कागदाची कड हवेच्या वाटेत येते. धारदार पात्यानं ती काप. शीटमधून स्वतः कापायचं तर गोल तोंडाच्या हातोडीनं कडेवर हलक्या टिचक्या मार, कागद कडेवरच कापला जातो. ॲल्युमिनियमच्या कडेवर मात्र असं ठोकू नको, कड दबते. जुनं पॅकिंग खरवडताना ते आधी पाण्यानं किंवा डिझेलनं ओलं कर. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची कोरडी धूळ छातीत बसते आणि आयुष्यभर निघत नाही. तोंडाला फडकं बांधून भागत नाही, ओलं करणं हाच उपाय.

आणि शेलॅक. आमच्या पिढीनं इनलेटच्या पॅकिंगला शेलॅक लावूनच इंजिनं बांधली. शेलॅक म्हणजे लाख, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून तर सुतार तिचं पॉलिश करतो. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ज्या सांध्याला पेट्रोल सतत भिजवतं, तिथं आता लाखेवर विसंबू नको. पेट्रोल आणि इथेनॉल दोन्ही सोसणारा सीलंट घे, तोही नखाएवढ्या पातळ थरानं. जास्त लावलेला सीलंट दाबला की आतल्या बाजूला लोंबतो, एक दिवस तुटून व्हॉल्व्हवर जातो. सपाट चेहऱ्याला सीलंट जवळजवळ लागतच नाही. इथेनॉलमुळे मिश्रणही थोडं पातळ पडतं, तेव्हा सगळे सांधे बंद झाल्यावर मेन जेट एक माप मोठा लागला तर लाव. पण आधी सांधे.

आपल्याकडच्या उन्हाची एक वेगळी भानगड आहे. गाडी गरम होऊन थांबली की खालची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते, वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि आत ओघळतं. मग सेल्फ मारला तरी गाडी लागत नाही. तुझी लोखंडी पट्टी ही उष्णता उलट वर पोचवते. त्याऐवजी हायलमच्या जाड शीटमधून पट्टी कापून घे, हायलम उष्णता अडवतं. दोन्ही बाजूंना पातळ कागदी पॅकिंग घाल, आणि नट बेताने आवळ. जास्त आवळला की कार्बोरेटरचे कान वाकतात, मधोमध फट पडते, आणि आपण जिथून निघालो तिथंच येतो. वाकलेला कार्बोरेटर ओळखायला तीच सरळपट्टी. काचेवर एमरी पेपर ठेवून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत घासला की चेहरा सरळ होतो.

सगळं बांधून झालं की व्हॅक्यूम गेज लाव. गरम इंजिन, स्लोवर, काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर हवा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण हजार फूट उंच आहे, म्हणून आपल्याकडे इंचभर कमी दिसलं तर घाबरू नको. काटा खाली पण स्थिर असेल तर सगळ्या सिलिंडरांत सारखी हवा शिरतेय, म्हणजे कार्बोरेटरची बैठक किंवा ती बारीक भोकं पाहा. काटा ठरावीक ठेक्यात झटका देत असेल तर एका सिलिंडरकडे बघ, एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा हेडचं पॅकिंग दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटलं असेल.

गळती शोधायला इंजिन थंड असताना सुरू कर आणि तेलाच्या कुपीनं पातळ तेल सांध्यावरून थोडं थोडं सोड. जिथं हवा शिरत असेल तिथं तेल ओढलं जाईल, इंजिनाचा आवाज बदलेल आणि थोड्या वेळानं सायलेन्सरमधून निळा धूर येईल. पेट्रोल शिंपडून गळती शोधणारे बरेच आहेत. तू तसं करू नको. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तिथंच तापलेलं असतं, आणि शेडमध्ये तेलाचे डबे आहेत. रेतीची बादली नेहमी हाताशी असू दे.

इंजिन तपासताना रेस देत बसू नको. आपल्या धंतोलीत आता गल्लोगल्ली दवाखाने झालेत, भिंतीपलीकडे कुणाचं ऑपरेशन झालेलं असतं. शेडमध्ये स्लो आणि टायमिंग एवढंच कर, बाकी परीक्षा रस्त्यावर. सकाळी लवकर वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत नेऊन आण, पहिल्यांदा हलक्या पायानं. परत येताना एकदा गाडी थांबवून बंद कर, दहा मिनिटं उभी ठेव, आणि सेल्फ मार. पहिल्याच फेऱ्यात लागली तर हायलमनं काम केलं. प्लग काढून चारही टोकं शेजारीशेजारी ठेव, रंग सारखा तपकिरी हवा.

रात्रभर इंजिन थंड होऊ दे. सकाळी कार्बोरेटर काढून तो लपलेला बोल्ट आणि बाकीचे सगळे बोल्ट पुन्हा त्याच क्रमानं, त्याच टॉर्कवर पाहा, आणि टॅपेट पुन्हा माप. पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेव आणि त्याचे पैसे वेगळे घेऊ नको, ते बांधणीतच धर. ब्लॉक कुठला, हेड कुठलं, हेड किती थाऊ घासलं, पट्टीची जाडी किती, जेट कोणता, हे एका कार्डावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेव, आणि ठसे उमटलेला तो निळा कागदही त्यातच घाल. उद्या ही गाडी अमरावतीला किंवा चंद्रपूरला बिघडली, तर तिथल्या मेकॅनिकला ती एका घराची नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही.